सीडी प्लेअर आज घ्यावा का? मराठवाड्याच्या धुळीत आणि उन्हात

घरात शंभर-दीडशे सीडी असतील, त्यातल्या निम्म्या तरी खरोखर ऐकल्या जात असतील आणि अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) व स्पीकर बरे असतील, तर सीडी प्लेअर घ्या. सीडीच नसतील तर नुसतं "आवाज चांगला येतो" म्हणून घेऊ नका. ते पैसे स्पीकरला लावा. या दोहोंच्या मधे जे आहेत त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहिलंय. लातूर, परभणी किंवा जालन्याच्या घरात हे यंत्र ठेवायचं म्हटलं की आवाजापेक्षा धूळ, ऊन, लाइट आणि दुरुस्ती हेच प्रश्न मोठे होतात, आणि परीक्षणांमध्ये त्याबद्दल सहसा एक ओळही नसते.

आवाजाचा विषय आधी संपवू. सोनी आणि फिलिप्सनी १९८० साली ठरवलं त्याप्रमाणे सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. ऑक्टोबर १९८२मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला तेव्हा हेच माप होतं आणि आजच्या सीडीवरही तेच आहे. वरची मर्यादा पडते सुमारे २२ किलोहर्ट्झ. माणसाचा कान ऐन तारुण्यातही २०च्या आसपास थांबतो. १६ बिटमुळे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. आता मे महिन्यातली आपली बैठकीची खोली डोळ्यासमोर आणा. छताचा पंखा पूर्ण वेगात असला की खोलीत ४५-५० डेसिबलचा आवाज असतोच. कूलर लावला की तो ६०च्या जवळ जातो. त्याखालचं जे काही रेकॉर्ड झालेलं आहे ते त्यात बुडून जातं. स्पीकर ९५ डेसिबलपर्यंत नेला तरी हाती ३५ ते ४५ डेसिबलच उरतात. अशा खोलीत २४ बिटच्या फाइली विकत घेण्यात अर्थ नाही. सीडीचं माप पुरतं आणि भरपूर उरतं.

फोनवरही याच दर्जाचं संगीत मिळतं, हे मान्य करायला हवं. अ‍ॅपल म्युझिकने २०२१पासून लॉसलेस, म्हणजे माहिती न गाळता साठवलेलं संगीत दिलेलं आहे. पण बहुतेक घरांत फोनवरून अ‍ॅम्पकडे आवाज जातो तो ब्लूटूथने, आणि ब्लूटूथ तो पुन्हा दाबून पाठवतं. म्हणजे लॉसलेसचे पैसे भरले आणि मिळालं वेगळंच. ते टाळायचं तर फोनला वायरचा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र) लावावा लागतो. डेटाचा हिशोबही करून ठेवा: सीडीच्या दर्जाचं एक तासाचं संगीत कच्चं ६३५ एमबी, फ्लॅक या लॉसलेस फाइलप्रकारात दाबलं की साधारण ३५० ते ४०० एमबी. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर जेमतेम चार तास, तेही घरात दुसऱ्या कोणी फोनला हात लावला नाही तर.

सीडीची खरी बाजू वेगळीच आहे. ख्यालाची सीडी घ्या. विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत पुढच्या ट्रॅकवर, आणि मधे तानपुरा अखंड चालू असतो. सीडी प्लेअर तो सांधा जाणवूही देत नाही. एमपी३मध्ये फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते, त्यामुळे ते सांभाळून घेणारं अ‍ॅप नसेल तर बरोबर त्या जागी तानपुरा तुटतो. एका क्षणाचाच खंड असतो, पण षड्ज लागलेला असताना तो टाचणीसारखा टोचतो. दुसरी गोष्ट, १९८०-९०च्या दशकांत निघालेल्या बऱ्याच सीडींवर मूळ रेकॉर्डिंगमधला चढ-उतार जसाच्या तसा आहे. पुढे त्याच ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या करताना आवाजाची पातळी दाबून वर आणली गेली. अ‍ॅपवर कुठली आवृत्ती मिळेल ते तुमच्या हाती नसतं. कपाटातली सीडी मात्र बदलत नाही.

आता यंत्रांकडे. तीन प्लेअर विचारात घेण्यासारखे आहेत.

यामाहा सीडी-एस३०३ आमच्या मते आपल्याकडच्या बहुतेक घरांना पुरेसा आहे. ट्रे असलेला, पुढे पेन ड्राइव्हची जागा, मागे कोएक्सियल (तांब्याच्या वायरचा) आणि ऑप्टिकल (प्रकाशाचा) असे दोन्ही डिजिटल आउटपुट. एमपी३ भरलेली सीडी तो वाजवतो, आणि मराठवाड्यात हा मुद्दा किरकोळ नाही. जत्रेत, बसस्टँडवर विकल्या गेलेल्या कीर्तनाच्या, भारुडाच्या, भीमगीतांच्या, खुलताबादच्या उरुसातल्या कव्वालीच्या कितीतरी सीडी याच प्रकारच्या आहेत. ७०० एमबीच्या चकतीत १२८ केबीपीएसने बारा तासांचा ऐवज बसतो. चांगल्या सिस्टिमवर तो दर्जा उघडा पडतो, टाळ आणि झांज किरकिरतात, हे खरं. पण कित्येक कीर्तनकारांचं जुनं मुद्रण दुसरीकडे कुठेच मिळत नाही, म्हणून ती चकती वाजली पाहिजे.

डेनॉन डीसीडी-६००एनई आवाजात याच्या तोडीचा. एमपी३ची सीडी चालते, पण पेन ड्राइव्हची जागा नाही. घरात फक्त सीडीच ऐकल्या जात असतील तर हा घ्यायला हरकत नाही.

मरांट्झ सीडी ६००७ या तिघांत सगळ्यात चांगला बांधलेला. आत एकेएम कंपनीची एके४४९० ही डॅक चिप, दोन वेगवेगळे डिजिटल फिल्टर आणि हेडफोनसाठी वेगळा, गेन (आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) बदलता येणारा अ‍ॅम्प. एकत्र कुटुंबात रात्री दहानंतर ऐकायचं तर हेडफोनची ही सोय फार कामाची. मात्र पहिल्या दोघांच्या आणि याच्या आवाजात जो फरक आहे तो डोळे मिटून, पातळी जुळवून ऐकला तर फार थोडा उरतो. फिल्टर बदलल्याने होणारा फरक तर त्याहून कमी. हेडफोन वापरणार नसाल तर जास्तीचे पैसे इथे घालू नका.

डॅक आधीच घरात असेल तर फक्त चकती वाचून डिजिटल आउटपुट देणारं यंत्र, म्हणजे ट्रान्सपोर्ट, पुरतं. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी आणि ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी हे दोन नावाजलेले. ऑडिओलॅबमध्ये चकती फटीतून आत सरकते. आपल्या हवेत ही फट आम्हाला नको वाटते. सेलू-परभणीकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचं तूस असतं, उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ असते, आणि सीडीवर चिकटलेलं सगळं त्या फटीतून आत जातं. ट्रेचं यंत्र बंद असताना तोंड मिटलेलं असतं. म्हणून सीएक्ससी बरा. पण तो एमपी३ची सीडी वाचत नाही, हे घेण्याआधीच लक्षात घ्या.

सगळ्यात स्वस्त ट्रान्सपोर्ट बहुधा तुमच्या माळ्यावर पडलेला असेल: जुना डीव्हीडी प्लेअर. मागे "कोएक्सियल" लिहिलेली पिन असेल तर तो डॅकला जोडता येतो. एकदा टीव्हीला लावून सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" करा, रिमोटवरचा आवाज पूर्ण ठेवा, कारण काही यंत्रांत तो कमी केला की डिजिटल सिग्नलच घटतो. वायर महाग घ्यायची गरज नाही. पिवळ्या पिनेची व्हिडिओ वायर ७५ ओहमचीच असते आणि या कामाला तीच लागते. खोट एकच, स्वस्त डीव्हीडी प्लेअर दोन ट्रॅकच्या मधे क्षणभर आवाज बंद करतात. वर सांगितलेला तानपुरा इथेही तुटू शकतो. ख्यालाची सीडी लावून आधी तपासा. ऑप्टिकल वायर वापरणार असाल तर टोकाची पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका; "आवाजच येत नाही" या तक्रारीमागे अनेकदा ती टोपीच असते.

जोडणीतली नेहमीची चूक पातळीची. सीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिनांवर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट येतात, आणि जुन्या अ‍ॅम्पला "ऑक्स" लिहिलेल्या जागी १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात. मग व्हॉल्यूमचं बटण नऊ वाजताच्या जागेला आलं की कान फाटतात आणि हळू आवाजात डावा-उजवा सारखा राहत नाही, कारण तिथे व्हॉल्यूमच्या पॉटचे (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरचे) दोन्ही भाग जुळत नाहीत. उपाय दोन रुपयांचा आहे. प्रत्येक चॅनलला सिग्नलच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत घाला आणि त्याच्या पुढे, अ‍ॅम्पच्या बाजूला, सिग्नल आणि ग्राउंडच्या मधे ३.३ किलोओहमचा. पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर त्याच लाल-पांढऱ्या (आरसीए) पिनेच्या आतच बसतात. पातळी १२ डेसिबलने उतरते, २ व्होल्टचा अर्धा व्होल्ट होतो. "फोनो" लिहिलेल्या जागी मात्र सीडी प्लेअर कधीच लावू नका. ती जागा काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी असते, तिथे आवाज फाटतो आणि स्पीकरच्या जिवावर बेततं.

प्लेअरची तुलना करतानाही हीच पातळी फसवते. जो जरा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो. एकच ट्रॅक, एकच जागा, दोघांचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवलेला, एवढं केल्याशिवाय दुकानात "हा जास्त खुलतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता धूळ. चकतीवरची धूळ आणि लेन्सवरची धूळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेझरचा झोत चकतीच्या पृष्ठभागावर पाऊण-एक मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमधून आत जाऊन मग मायक्रॉनमध्ये मोजावा लागेल असा बिंदू होतो. म्हणून पृष्ठभागावरचा कण त्याला दिसतही नाही. शिवाय सीडीवरची माहिती विखरून लिहिलेली असते, त्यामुळे ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर सलग माहिती गेली तरी प्लेअर ती पूर्ण भरून काढतो. पण लेन्सवर थर बसला की प्रत्येक चकतीचा प्रत्येक क्षण अंधुक वाचला जातो.

लक्षणं ओळखता येतात. सीडीचं वाचन आतून बाहेर होतं आणि अनुक्रमणिका अगदी आतल्या कडेला असते. चकती टाकल्यावर "नो डिस्क" येत असेल तर लेन्स घाण आहे किंवा लेझर थकला आहे. छापील सीडी चालते पण घरी बर्न केलेली चालत नाही, तर लेझर कमजोर होऊ लागला आहे. बर्न केलेल्या चकतीवरून प्रकाश कमी परततो. पहिले ट्रॅक ठीक आणि शेवटचे अडखळतात, तर लेन्सला दोष देऊ नका: ज्या दांड्यावरून पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) सरकतो त्यावरचं ग्रीस धुळीने घट्ट झालं असेल किंवा चकती वाकलेली असेल.

लेन्स पुसायची रीत अशी. प्लग काढा. वरचं झाकण उघडा. लाइट चालू असताना लेन्समध्ये डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा हा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, डोळ्याला इजा मात्र करू शकतो. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने आधी धूळ उडवा. मग कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून झटका, थेंब पडता कामा नये. हे द्रव औषधाच्या दुकानात मिळालं नाही तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे "आयपीए" म्हणून मिळतं. संभाजीनगरात पैठण गेटला मोबाइलची दुकानं चिकार आहेत. मधून बाहेर, काडीचं स्वतःचं वजन पडेल एवढाच दाब. लेन्स अतिशय नाजूक स्प्रिंगवर तरंगत असते, जोर दिला की ती तिरकी होते आणि मग काही उपाय नाही. दहा मिनिटं वाळू द्या. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. प्लास्टिकची लेन्स पांढरी पडते. दांड्यावरचं जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं लावा. शिलाई मशीनचं तेल नको, ते पसरतं आणि धूळ धरतं.

ट्रे अर्धवट उघडून परत आत जात असेल तर रबरी बेल्ट सैल झालाय. आपल्या उन्हाळ्यात हा भाग सगळ्यात आधी जातो. जुना बेल्ट सपाट करून आतली लांबी मोजा, दुप्पट करा, म्हणजे घेर आला. नवा त्यापेक्षा ५ टक्के लहान घ्या. कागदांना लावायचं रबर बांधून काम भागवलं जातं, पण ते लवकरच कडक होऊन तुटतं आणि तुकडे गिअरमध्ये अडकतात.

खुद्द चकती धुवायची तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि मग अडीच मिलिमीटरची सवलत संपते. जास्त जपायची ती छापील नावाची बाजू. अ‍ॅल्युमिनियमचा थर तिथे लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो. तिथला ओरखडा कायमचा. त्यावर बॉलपेनने लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका.

लाइटचं म्हणाल तर प्लेअरला २० वॉटच्या आसपास पुरतात, पण भारनियमनानंतर लाइट परत येताना जो झटका येतो तो त्याच्या पॉवर सप्लायला घातक. लाइट गेली की भिंतीवरचं बटण बंद करा, आली की दोन-चार मिनिटांनी चालू करा. चॅनलला ५० वॉटच्या अ‍ॅम्पसकट सगळ्या सिस्टिमला ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घूं करतो आणि तोच आवाज स्पीकरमध्ये उतरतो. गुणगुण येत असेल तर टीव्हीची केबल काढून पाहा. थांबली तर ग्राउंडचा फेरा (दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून वीज फिरत राहणं) झालाय. ऑप्टिकल वायर वापरली की तो तुटतो, कारण तिच्यातून वीज जातच नाही. प्लेअर अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका. आतल्या कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडे खोलीच मे महिन्यात ४० अंशांना टेकते.

खोलीबद्दल थोडक्यात. स्लॅब, फरशी, उघड्या भिंती असलेल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झला, आणि त्यांच्या दुपटीला, आवाज फुगतो. डग्गा घुमतो तो त्यामुळे. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढला की घुमणं कमी होतं. समोर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीवर गोधडी टांगली की टाळ्यांसारखा उमटणारा प्रतिध्वनी जातो. हा फरक कुठल्याही दोन प्लेअरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

प्लेअर घेतला तरी सीडींची प्रत संगणकावर करून ठेवा. "एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी" या प्रोग्रॅममध्ये सिक्युअर मोड निवडा, फ्लॅकमध्ये साठवा. जगभरच्या प्रतींशी ताडून पाहायची सोय त्यात आहे, पण कमी खपाच्या मराठी सीडी तिथे सापडतीलच असं नाही. तेव्हा "टेस्ट अँड कॉपी" करा आणि दोन्ही वेळचे सीआरसी (प्रत बरोबर झाली का ते ताडायचे) आकडे जुळतात का ते पाहा. दोनशे सीडींना ८० जीबीच्या आसपास जागा लागते. बर्न केलेल्या चकत्या आधी उरका. त्यांच्यातला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने उतरतो.

जुना प्लेअर घेणार असाल तर तीन चकत्या सोबत न्या: ७० मिनिटांहून मोठी छापील सीडी, एक बर्न केलेली, एक थोडी ओरखडलेली. अनुक्रमणिका दहा सेकंदांत वाचली गेली पाहिजे. पहिल्या ट्रॅकवरून थेट शेवटच्यावर उडी मारा, परत या, पाच-सहा वेळा. मग अर्धा तास वाजत ठेवा. थकलेला लेझर गार असताना नीट वागतो आणि गरम झाला की सोडून देतो. आणि मॉडेल कुठलंही असो, आत कुठला पिकअप आहे ते विचारून घ्या. सोनीचा केएसएस-२१३ किंवा सान्योचा एसएफ-पी१०१एन असेल तर निर्धास्त घ्या, त्यांचे सुटे भाग ऑनलाइन सहज मिळतात. पी१०१एन पंधरा आणि सोळा पिनांचा असा दोन प्रकारांत येतो, जुन्यावरच्या पिना मोजूनच मागवा. "लेन्सचा पॉट थोडा फिरवून देतो" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. लेझरला जास्त करंट देऊन तो काही दिवस चालतो आणि मग कायमचा जातो. नवा पिकअप बसवल्यावरही चकती फिरत नसेल तर लगेच माल खराब ठरवू नका. स्थिर विजेपासून बचावासाठी कारखान्यातून त्याच्या पट्टीवर सोल्डरचा छोटा थेंब टाकून दोन बिंदू जोडलेले असतात. वायर जोडल्यानंतर तो थेंब सोल्डरिंग आयर्नने उचलावा लागतो. आधी भिंगाखाली तो गेला आहे का ते पाहा, मगच परत पाठवा.